वक्राचं उजवं टोक

संख्याशास्त्राच्या त्या प्राध्यापकांची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माणूस जाऊन वर्षं लोटली, तरी राग गेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

जळगावच्या कॉलेजात मी तेव्हा इंटरला होते. चाचणीचे गुण सर नुसते वाचून दाखवत नसत. रंगीत खडूनं फळ्यावर घंटेच्या आकाराचा वक्र काढत. मधे सरासरीचा फुगवटा, दोन्हीकडे निमुळती होत गेलेली टोकं. मग एकेकाला त्या वक्राखाली बसवत. आपल्या गुणांतून सरासरी वजा करायची, उरेल त्याला प्रमाण विचलनानं भागायचं आणि कोष्टकात पाहायचं, की तेवढे गुण मिळण्याची शक्यता किती ते कळतं. मला ही रीत मनापासून आवडायची. म्हणूनच चाचणीच्या पेपरातलं जवळपास काहीच मी सोडवायचं ठेवलं नव्हतं.

त्या खेपेला वर्गाची सरासरी चाळीस, विचलन सोळा आणि माझे गुण अठ्ठ्याऐंशी. सरांनी भागाकार केला, तीन आले. कोष्टक पाहून म्हणाले, हे हजारात एखाद्यालाच जमतं, धरणगावकडच्या शेतकऱ्याच्या मुलीला कसं जमेल? म्हणजे नक्कल. चिठ्ठी सापडली नव्हती, कुणी पाहिलं नव्हतं. नुसत्या भागाकारावर त्यांनी मला प्राचार्यांपुढे उभं केलं आणि वडिलांना बोलावणं धाडलं.

वडील कापसाची वेचणी टाकून आले. नक्कल खरी निघाली तर संध्याकाळच्या गाडीनं घरी न्यायचं आणि शिक्षण बंद, हे त्यांनी व्हरांड्यातच सांगून टाकलं.

"खरं सांग पोरी," ते म्हणाले, "कोनं देखीसन लिखं का तू?"

कुणाचं पाहून लिहिलं नाही, असं मी म्हणाले. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. एवढा शिकलेला माणूस उगाच कशाला बोलेल, असंच त्यांना वाटत होतं. याबद्दलही मी सरांना कधी माफ केलं नाही.

प्राचार्यांच्या खोलीत गेल्यावर मी सरांना विचारलं, "हजारात एक असतो, एवढंच कोष्टक सांगतं. तो एक चोर असतो, असं कुठे सांगतं?"

सर हसले. प्राचार्य हसले नाहीत. त्यांनी सरांना तिथल्या तिथे नवा पेपर काढायला लावला. सरांनी मुद्दाम किचकट उदाहरणं घातली. मी दोघांच्या देखत ती सोडवली आणि आधीपेक्षा जास्त गुण पडले. त्यावर सर म्हणाले, लागोपाठ दोनदा असं होणं तर आणखीच अशक्य आहे. प्राचार्यांनी त्यांना गप्प केलं. संध्याकाळच्या गाडीनं वडील एकटेच परत गेले.

सरांच्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर वक्र पुन्हा काढला, पण सरासरी उतरलेली होती. माझे गुण त्यांनी अपवाद म्हणून वगळले होते. सगळा वर्ग त्या वक्राखाली होता, एक मी सोडून. मी उठून उभी राहिले.

"सर, मी याच वर्गात आहे. सरासरी पुन्हा काढा."