पाऊस सरासरीइतका

थोरली हवामान कार्यालयात होती. सगळ्या विभागाचं तापमान आणि पाऊस गोळा करून महिन्याचा गोषवारा लिहायचा, नेहमीपेक्षा किती कमी, किती जास्त, हे तिचं काम. वाचणारे थोडेच. तिचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा, मात्र चिडवायचा, "ताई, यंदा तुमचा राग सरासरीच्या वर आहे हं!"

मेहुण्याचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज उताराखाली, नाल्याच्या कडेला होतं. त्या महिन्यात पावसाने ओढ दिली होती. रोज नुसता उकाडा. मग एका दुपारी आभाळ फाटलं. गिऱ्हाइकांच्या गाड्या वर काढून ठेवतो म्हणून तो गॅरेजकडे धावला, तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी पुलाखाली सापडला.

धाकटी थोरलीकडे राहायला आली. धड जेवेना, धड रडेना.

महिना संपला. थोरलीने गोषवारा लिहिला, तो पेपरात आला. सकाळी चहा घेताना धाकटीने वाचला.

"ताई, हे तू लिहिलंस?"

"हो."

"पाऊस सरासरीइतका?"

थोरलीने कप खाली ठेवला. "अगं, ते सगळ्या विभागाचं असतं. बाकी महिना कोरडा गेला ना, म्हणून एकूण..."

"कळतंय गं मला. तुझी बेरीज बरोबरच असणार."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं. तिने साहेबांना त्या दुपारबद्दल एखादी ओळ घालायची विनंती केली. साहेब भला माणूस. म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून अशा घटनांची वेगळी नोंद देऊ. हा तर छापून गेला." तिने काम बदलून मागितलं, तर ते करायला दुसरं कुणी नव्हतं.

सगळ्यांनी नको म्हटलं, तरी धाकटी आपल्या घरी परतली. थोरली सोबत गेली. त्या दुपारी नाल्याचं पाणी घरातही शिरलं होतं; खोलीत चिखल वाळून टणक झाला होता. दोघींनी पदर खोचले आणि तो खरवडून बादल्या भरभरून बाहेर टाकला. कपाटातले नवऱ्याचे शर्ट चिखलाने कडक झाले होते. थोरलीने ते भिजत घालायला घेतले, तर धाकटीने हातातून काढून घेतले.

"राहू देत."

अंधारून आलं तसं थोरलीने विचारलं, "आजची रात्र थांबू का?"

"नको. शेवटची बस चुकेल तुझी."

पुन्हा कधी येशील, हे तिने विचारलं नाही. थोरली पायऱ्या उतरली तेव्हा आतून कडी लागल्याचा आवाज आला.