लंडनची ऑर्डर, डोंबिवलीचा पत्ता

पार्सल वेळेवर पोचलं तर त्याचा किस्सा होत नाही. घोळ झाला की मात्र चहाला विषय! आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत तिघी ऑनलाइन विकतो, त्यामुळे विषयांना तोटा नाही. सुजाता चिनी मातीच्या बरण्या रंगवते, पल्लवी आकाशकंदील करते, आणि मी जुन्या साड्यांच्या गोधड्या. त्या दोघींचा माल परदेशात जातो. माझा साताऱ्यापर्यंत. माझी एक तरी गोधडी विमानात बसावी, एवढीच इच्छा!

*

महापेच्या कुरिअर ऑफिसात आम्ही एकाच रिक्षाने जातो. एकदा काउंटरवर सुजाता म्हणाली, "दादा, माझं इंटरनॅशनल आहे हां!" त्याने लगेच टेबलफॅन तिच्याकडे वळवला. मग मला विचारलं, "मॅडम, तुमचं?"

"सातारा."

"बसा जरा."

*

पल्लवीचा कंदील कॅनडात पोचला तो दिवाळी उलटून गेल्यावर. आता ही शिव्या खाणार म्हणून मी वाटच बघत होते. तर तिथल्या बाईने तो ख्रिसमसच्या झाडाशेजारी टांगला आणि वर आणखी सहा मागवले! मी आपली "अगं, छानच!" म्हणाले. घरी आले तर नवरा विचारतो, "गॅसवर काही करपलंय, की तूच जळतेयस?"

*

सुजाता परदेशी निघालेल्या प्रत्येक बरणीला हळदकुंकू लावते, मगच खोक्यात ठेवते. एकदा कुंकू ओलंच राहिलं. जर्मनीहून फोटो आला, पांढऱ्या बरणीवर लालभडक डाग. मनात म्हटलं, भोग आता! खाली लिहिलं होतं, "हा लाल ठिपका फार आवडला. असाच ठिपका असलेली अजून एक मिळेल?"

काय नशीब घेऊन आलीय ही बया! मला तर रात्री जेवण गेलं नाही.

*

शेवटी मलाही लंडनची ऑर्डर आली. मी सोसायटीत पेढे वाटले! सुजाता तर मला पॅकिंग शिकवायला आली. पत्ता नीट वाचला, तर मुलगा लंडनचा, गोधडी आईसाठी, आणि आई डोंबिवलीत.

"असू दे गं, पैसे तर लंडनचे," असं म्हणून सुजाताने आणखी एक पेढा उचलला.

*

आणि हा अलीकडचा. खाली रिक्षा उभी, बरणी अमेरिकेची, आणि सुजाताचं बबल रॅप संपलेलं. धावत माझ्याकडे आली. "काहीतरी जाडसर दे गं, पटकन!" माझ्याकडे एक छोटी गोधडी पडून होती, आईच्या हिरव्या इरकलीची. टाके जरा वाकडे, म्हणून विकायला लावली नव्हती. जिवावर आलं, पण दिली.

थोड्या दिवसांनी सुजाता फोन घेऊन आली आणि अमेरिकेचा मेसेज मोठ्याने वाचायला लागली. "बरणी फुटली, पण पैसे परत नकोत. ती ज्यात गुंडाळली होती ते हिरवं पांघरूण अप्रतिम आहे. तशी आणखी चार हवीत. किंमत कळवा."

मी हातातली सुई बाजूला ठेवली. "मग? काय कळवलंस?"

"कळवलं ना लगेच," सुजाता म्हणाली. "पॅकिंगचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही!"