विमलताईंची तिन्हीसांज

विमलताईंशी माझी ओळख झाली ती माझ्या चुकीतून, आणि ती चूक मी मोठ्या ऐटीत केली होती. नव्वदच्या दशकात मी उधन्यातल्या एका कलर लॅबमध्ये फोटो छापत असे. लाल रंग जास्त दिसला की तो दोष समजायचा आणि कमी करायचा, असं मला शिकवलं होतं. लग्नातले चेहरे त्यानं उजळत आणि गिऱ्हाईक खूश होई. ताईंच्या रोलवर मात्र छत्तीसच्या छत्तीस आकाशंच होती, तीही लालभडक. मी ती निगुतीनं 'दुरुस्त' केली आणि राखाडी आकाशांचं पाकीट त्यांच्या हाती ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. ताई मराठी शाळेत शिक्षिका होत्या; आवाज न चढवता माणसाला बाकावर उभं करणं त्यांना सहज जमे.

"हे आकाश मी काढलेलं नाही."

"ताई, मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन संध्याकाळी बाहेर पडतं का? बरं, तुम्ही?"

संध्याकाळी लॅबमध्ये गर्दीची वेळ. त्या वेळचं आकाश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. सासरचं घराणं मूळचं अमळनेरकडचं. तिन्हीसांजेला सुनेनं घरात असावं, देवापाशी दिवा लावावा, ही सासूबाईंची शिस्त. ताईंना नेमकी तीच वेळ हवी होती. खूप मिनतवाऱ्या केल्यावर सासूबाईंनी एक महिन्याची मोकळीक दिली होती: काय काढतेस ते दाखव, मग पुढचं ठरवू. माझे ते राखाडी फोटो पाहून त्या म्हणाल्या होत्या, "दिवा सोडीसन हाई देखाले जास का तू?" महिना संपला की कॅमेरा कपाटात जाणार होता. दोनच संध्याकाळी उरल्या होत्या, आणि त्यातली एक ताईंनी माझ्यावर खर्च केली.

"अत्यारे क्यां जाय छे?" म्हणून लॅबचे शेठ गुजरातीत ओरडत राहिले आणि मी ताईंच्या मागोमाग बमरोलीच्या खाडीवर गेलो. सूर्य बुडाला तसा मी उठलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "सूर्य असतो तोवर सगळे त्याच्याकडेच बघतात. आता आकाशाची पाळी."

थोड्याच वेळात मिलच्या धुराड्यांमागे केशरी पेटलं, वर चढता चढता गुलाबी झालं आणि अगदी माथ्यावर वांग्याच्या सालीसारखं जांभळं उरलं. यंत्रमागांच्या शेडचे गंजके पत्रेसुद्धा रंगून गेले. मला मनापासून लाज वाटली. हे सगळं मी दोष म्हणून पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळपासून ताई शेजारी उभ्या राहून "अजून थोडा लाल, नाही, मागे या" सांगत होत्या आणि मी तोच रोल पुन्हा छापत होतो. दुपारी त्यांच्याबरोबर घरीही गेलो, कारण रंग लॅबनं भरला असा संशय येणार हे उघड होतं.

"आजी, मी रंग घातलेला नाही," मी कबूल केलं. "उलट पहिल्यांदा मीच तो काढून टाकला होता."

सासूबाईंनी एक फोटो बराच वेळ हातात धरला. "हाऊ रंग आपला उधनामा शे?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं उधन्यात काढून त्या माउलीनं तिन्हीसांजेला कधी उंबरा ओलांडला नव्हता. फोटोवर उमटलेला बोटाचा ठसा त्यांनी पदरानं पुसला आणि सुनेकडे न पाहताच म्हणाल्या, "तू जाय. दिवा मी लावसू."

त्यानंतर ताई थांबल्या नाहीत. कामरेजच्या उसावरची, तापीच्या पात्रावरची त्यांची आकाशं आज आपल्यापैकी कितीतरी जणांच्या भिंतींवर आहेत. एका कॅलेंडरवाल्यानं "जरा लाल वाढवा" म्हटलं, तेव्हा त्यांनी फोटो परत मागून घेतला. पहिल्या प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली त्यांच्या नावाशेजारी छपाईबद्दल माझंही नाव होतं. ते वाचून मी सभागृहाबाहेर जाऊन डोळे पुसून आलो. माझी चूक मात्र त्यांनी आजवर कुणाला सांगितली नाही. ती आज मीच सांगतो आहे.

ताईंनी साठी पूर्ण केली. त्यानिमित्त नेमलेल्या गौरव समितीनं सत्काराची वेळ संध्याकाळी सहाची ठरवली आणि निरोप घेऊन मला पाठवलं. ताईंनी चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "ती वेळ मी कशी मिळवली, ते तुम्ही पाहिलंय. आता एका शालीसाठी सोडू?"

म्हणून सत्कार साडेसातला आहे. विमलताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि खाडीचा उतार उतरताना त्यांच्या गुडघ्यांनी कधी कुरकुर करू नये, ही मनापासून प्रार्थना. आणि हा गौरवग्रंथ हाती घेऊन सभागृहात बसलेल्या मंडळींनो, आठ वाजले तरी ताई आल्या नाहीत, तर कुणी घड्याळ पाहू नका. आज आकाश चांगलं असेल.