वकिलांचं पोट आणि मावशीच्या गोळ्या

माझी मावशी पुरुषांचे कपडे शिवते आणि पुरुषांचं फारसं ऐकत नाही. रस्त्याकडच्या खोलीत तिचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि एक उभा आरसा आहे. आरशासमोर आलं की प्रत्येक गिऱ्हाईक पोट आत ओढतं. मावशी ते बघून न बघितल्यासारखं करते. मापं ती लिहीत नाही. एकदा टेप फिरवली की माणूस तिच्या डोक्यात कायमचा जमा. परदेशी गेलेल्या मुलांचे शर्ट त्यांच्या आया नुसता निरोप धाडून शिवून घेतात. दुसऱ्या शिंप्याकडे मापांची वही दिसली की मावशी नाक मुरडते.

या माजाला दृष्ट लागली ती शेजारच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांची. बऱ्याच वर्षांनी ते पँटचं कापड टाकून गेले. मावशीनं सवयीप्रमाणे डोक्यातलं माप काढलं आणि पँट शिवली. ती मांड्यांपर्यंत गुण्यागोविंदानं चढली आणि कमरेशी अडून बसली. दोन गिऱ्हाइकांसमोर वकील म्हणाले, "माप विसरलात तुम्ही, बाई. वय झालं आता." पँट तिथंच टाकून ते निघून गेले.

एरवी मावशीनं त्यांना उभं फाडलं असतं. त्या दिवशी तिनं पँट उचलून कपाटात ठेवली, आणि मला भीती वाटली. माझ्या आजीनं, म्हणजे तिच्याच आईनं, शेवटी शेवटी मावशीला विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुणाच्या?" तो प्रश्न मावशीच्या मनातून कधी गेलाच नव्हता.

घरात बातमी फुटली आणि ज्याच्या त्याच्या अंगात वैद्य संचारला. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, स्मरणशक्तीच्या कॅप्सूल आणल्या. मावशीच्या सुनेनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, नसांच्या गोळ्या आणल्या, त्याही तिच्या आईनं अर्ध्यात सोडलेल्या. औषधाच्या दुकानदारानं म्हातारपणाचं टॉनिक गळ्यात मारलं. मग काकांना आणखी कुणीतरी आणखी काहीतरी सांगितलं. बटणांच्या फळीवरून बटणं खाली आली आणि बाटल्या वर गेल्या. मावशी सकाळी मूठभर गोळ्या घशाखाली ढकलायची. नाश्त्याला पोटात जागाच उरत नसे.

काही महिन्यांनी तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, मग बोटांच्या टोकांना. काकांनी निदान केलं, "नसा कमजोर झाल्यात. नसांची गोळी दोनदा घे." काका आयुष्यभर पाणीपट्टीच्या खिडकीवर बसले होते, पण आत्मविश्वास असा की एखाद्या सर्जननं उठून खुर्ची द्यावी.

एका दुपारी मी तिच्या खोलीत गेले तर पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपके. सुई बोटात शिरली होती आणि मावशीला पत्ताच नव्हता. मी दाखवलं तेव्हा ती बोटाकडे परक्याचं असल्यासारखं बघत राहिली.

"डोकं वाचवायला निघाले गं," ती म्हणाली, "आणि बोटंही चालली. मग मी उरले कशाला?"

मी सगळ्या बाटल्या कापडी पिशवीत भरल्या आणि तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बाटल्या टेबलावर मांडून एकेक लेबल वाचलं, आणि वाचता वाचता त्यांच्या भुवया वर जात राहिल्या.

"यातल्या जवळजवळ प्रत्येकात बी-सिक्स जीवनसत्त्व आहे," त्या म्हणाल्या. "थोडं असेल तर चांगलंच. पण एवढं महिनोन्‌महिने घेतलं तर ते नसांनाच त्रास देतं. आधी हे सगळं बंद. रक्त तपासू. काही कमी असेल तर तेवढंच देऊ."

रक्तात काहीच कमी निघालं नाही. मग स्मरणशक्तीची परीक्षा झाली. लक्षात ठेवायला सांगितलेले शब्द मावशीनं सुलटे म्हटले, उलटे म्हटले, आणि वर म्हणाली, "तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय. शिवणाऱ्यानं घाई केलीय."

डॉक्टरीणबाई हसल्या. मावशी मात्र रस्ताभर बोटं चोळत होती. घराशी आल्यावर म्हणाली, "परीक्षेचं काय सांगतेस? पँट तर चुकलीच ना."

बोटं हळूहळू परत येऊ लागली. हातात घेतलेलं कापड सुती की रेशमी हे तिला पुन्हा न बघता कळायला लागलं. सुईचं टोक मात्र अजून लांबूनच बोलत होतं, टोचलं तरी दुखत नव्हतं. गिऱ्हाइकाचं माप ती आता दोनदा घ्यायची. ते बघून मला रडू यायचं.

अशातच वकील एक जुनी पँट घेऊन आले. "ही तुम्हीच शिवलेली. ठेवणीतली आहे, फक्त चेन बदलून द्या."

मावशीनं त्या पँटच्या कमरेला टेप लावली. पुन्हा लावली. मग कपाटातून ती टाकून दिलेली नवी पँट काढली आणि जुनीवर पसरली. कमरेला कमर लागली, धाग्याचाही फरक नव्हता.

"साहेब, जरा आरशासमोर या."

वकिलांनी पोट आत ओढलं.

"श्वास सोडा," मावशी म्हणाली. या वेळी तिनं न बघितल्यासारखं केलं नाही. तिनं त्यांच्या कमरेभोवती टेप फिरवून वाचली, मग वकिलांकडे पाहिलं. "पोट तुमचं सुटलं, आणि गोळ्या मी गिळल्या."

वकिलांनी आरशाकडे पाठ फिरवली. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "नवी थोडी सैल करता येईल?"

"येईल. आत कापड सोडलंय."

ते गेल्यावर ती नव्या पँटची कमर उसवून टाचण्या लावायला बसली. मध्येच तिनं हात झटकला आणि बोट तोंडात घातलं.

"दुखलं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. मग तिनं बोट पुसलं आणि खात्री करायला तीच टाचणी हळूच पुन्हा टोचून बघितली.