माझ्या हातून प्याला

"तू शेवटी बस हं. तुला काय, सवय आहे."

बाई हसत म्हणाल्या. हातात प्रभुभोजनाचा प्याला. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बहारीनमध्ये, मनामा शहरात त्यांच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी मराठी उपासना. प्याला एकच. घोट घ्यायचा, शेजाऱ्याला द्यायचा. माझ्यानंतर कुणी नसायचंच. उरलेलं बाई मोरीत ओतायच्या.

बाईंचे साहेब पुण्याचे इंजिनियर, उपासना तेच चालवायचे. पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले, हे ते येशूच्या आधी सांगायचे. माझे आजोबा नगरकडच्या मांगवाड्यातले. बाप्तिस्मा तोच, पण जात विमानात बसून बहारीनला आली. मी इस्पितळात आया, साहेबांच्या शब्दावर लागलेली. आणि आठवडाभरात मराठी कानावर पडायचं ते तिथंच. म्हणून गिळत राहिले.

वॉर्डात माझ्यासोबत आल्माझ होती. इथिओपियाची, पेंटेकोस्टल पंथाची ख्रिस्ती. तिच्या देशात लष्कराचं राज्य. शिपाई लोकांना उभं करायचे, मूठ वर करून ओरडायला लावायचे, क्रांती सगळ्यांच्या वर. हिच्या मंडळीतले ओरडायचे नाहीत. त्यांच्या लेखी सगळ्यांच्या वर देव. एकदा चादरी बदलताना तिनं पाठ दाखवली. नुसते वळ. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत, अरबीत.

"सगळ्यांचा हात वर," ती म्हणाली. "माझा मफी. नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बंदुकीपुढं नाही म्हणाली, आणि मी एका बाईपुढं मान खाली घालत होते.

पुढच्या शुक्रवारी मी पहिल्या खुर्चीवर बसले. साहेबांचा नाइलाज झाला, त्यांनी प्याला दिला. मी घोट घेतला आणि बाईंपुढं धरला. बाईंनी हात मागे घेतले. शेजारच्यानं मान फिरवली. एकानंही घेतला नाही. ज्यांना मी दादा, ताई म्हणत होते, तेच हे. मग मीच प्यायले. सगळा.

"उपासना नासवलीस," साहेब म्हणाले.

"मी प्यायले, साहेब. तुम्ही प्यायला नाहीत."

मग शहराबाहेर तुबलीला जाऊ लागले, आल्माझच्या मंडळीत. गॅरेजामागची खोली. तिथं सगळे एकदम, मोठ्यानं प्रार्थना करतात, ज्याची त्याची भाषा. मी मराठीत करायची. कुणाला एक अक्षर कळायचं नाही. खोटं कशाला बोलू, खोलीवर येऊन रडायची. आपल्या भाषेत जेवलीस का विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

महिन्याभरानं बाईंचा निरोप आला. माफी माग, शेवटी बस, नाहीतर पुढच्या व्हिसाचं साहेब बघणार नाहीत.

मी उलट निरोप धाडला. व्हिसा गेला तर गावी जाईन, मिळेल ते काम करीन. शेवटी बसणार नाही. माफी तुम्ही मागायची आहे. आणि मागितली म्हणून मी ती देईनच, असं धरून चालू नका.