हत्तीचं अख्खं डोकं

साठी जवळ आली तरी संग्रहालयात तिला सगळे धाकटीच म्हणत. त्याला कारण थोरली. थोरली बहीण इस्पितळात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायची, आणि धाकटीला प्लास्टर कालवायला शिकवलं तेही तिनंच. पुढे धाकटीनं तेच प्लास्टर हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या अवाढव्य जनावरांना घालायला घेतलं. "माझा रोगी निदान कुठं दुखतंय ते सांगतो तरी," थोरली म्हणायची. "तुझे सगळे मुके."

काम ऐकायला सोपं. हाडाभोवतीची माती काढायची, वर ओला कागद लावायचा, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. सगळं कडक झालं की खालून माती कापायची आणि तो गठ्ठा एका दमात उलटा करायचा. इथे भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं, कारण खालची बाजू उघडी असते. एकदा एका प्रचंड गेंड्याचं डोकं धाकटीच्या शब्दावर उलटलं आणि तिच्या डोळ्यांदेखत गठ्ठ्यातून निसटून त्याचा भुगा झाला. चूक कुणाचीच नव्हती, पण तिनं कानाला खडा लावला. तेव्हापासून प्लास्टर ती घालायची आणि उलटायचा शब्द दुसरं कुणीतरी द्यायचं.

मग विटांच्या मातीच्या खाणीत हत्ती निघाला. आजचा हत्ती त्याच्यापुढे पोरसवदा दिसला असता. डोकं तेवढं सापडलं होतं, वरच्या जबड्यावर टेकून बसलेलं, वरचं हाड पार ठिसूळ झालेलं. हात कमी पडत होते म्हणून निवृत्त झालेली थोरलीही पट्ट्या भिजवायला आली होती आणि कामाइतकीच तोंडानंही राबत होती. प्लास्टर वाळलं तेव्हा संग्रहालयातले तिच्या खात्याचे साहेब गठ्ठ्याभोवती फिरले आणि म्हणाले, "मधोमध कापू. दोन तुकडे सुखरूप येतील. अख्खं उलटवताना पडलं तर हाती माती उरेल."

साहेबांचं काही चुकत नव्हतं. पण गठ्ठ्याला खालून पट्टे बांधावेत म्हणून धाकटीनं मातीत आरपार बीळ कोरायला घेतलं होतं आणि त्यात तिचा हात खांद्यापर्यंत गेला होता.

"साहेब, खाली दाढा आहेत. बोटांना लागल्या. त्यांवर आडवे कंगोरे आहेत, चपलेच्या तळव्यासारखे."

"गोटे असतील."

"गोटे असे ओळीनं बसत नाहीत. मधोमध कापलं तर करवत टाळूतून नि दाढांमधून जाणार."

साहेब बिचारे पोटावर आडवे झाले आणि त्यांनी स्वतः हात घातला. हात भरदार, कोपरापाशीच अडकला. "राहू द्या तसाच," थोरली म्हणाली. "प्लास्टर कापायची सवय आहे मला, काढते हळूच." खाणीतली माणसं हसली. साहेबही हसले, हात झटकत उठले आणि धाकटीकडे वळले.

"बरं. माझा हात पोचत नाही, तुमचा पोचलाय. अख्खं नेऊ. पण शब्द तुम्ही द्यायचा."

पुन्हा डोकं फुटलं असतं तर ती या कामात राहिली नसती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. थोरलीनं ते ओळखलं. "पाय मागे घ्यायचा असेल तर आत्ता घे," ती हळूच म्हणाली. "कुणी काही म्हणणार नाही."

"मी म्हणेन ना," धाकटी म्हणाली आणि पुन्हा बिळात हात घालून बसली. एकेक पट्टा तिनं खालून ओढून घेतला, त्यावर प्लास्टर थापलं, ते वाळेपर्यंत कुणाला गठ्ठ्याजवळ फिरकू दिलं नाही. मग माणसांना फळ्यांवर आणि दोरांवर उभं केलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"उलटा."

गठ्ठा कलला, करकरला आणि पलीकडे गेला. त्याच क्षणी धप्पकन काहीतरी खाली पडलं. कुणी जागचं हललं नाही. धाकटी गुडघ्यांवर बसली, तिनं ते ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं. नुसती चिकणमाती होती. तिच्या जिवात जीव आला.

मग ती ब्रश घेऊन वर आलेल्या बाजूवर ओणवली. माती निघत गेली तशा दाढा दिसू लागल्या, काळ्याभोर, दोन्ही बाजूंच्या, एकीलाही तडा नाही. मधली टाळू अख्खी. वरच्या हाडाची रया गेली होती, पण चिखलात रुतलेली ही बाजू जशीच्या तशी होती. खाणीतली माणसं खांद्यावरून वाकून बघू लागली. धाकटी रडत होती आणि ते लपवतही नव्हती.

साहेब शेजारी येऊन बसले. त्यांनी त्या टाळूवरून, हाडाला न लावता, बोट सरळ फिरवलं.

"इथून कापणार होतो मी."

"म्हणून तर भांडले," धाकटी म्हणाली. "आता जरा सरका, उजेड अडतोय."