शेपूट धरून बसले तेव्हा

इंजिन सुरू होतं. विमानाचं शेपूट माझ्या हातात होतं आणि शिंदेभाऊ ओरडत होते, "ताई, सोडा!"

मी सोडलं नाही.

मॉडेल विमान म्हटलं की लोकांना खेळणं वाटतं. पण त्याचा पंखा बोट तोडू शकतो. म्हणून इंजिन सुरू करताना एकाने मागे बसून शेपूट धरायचं असतं. आमच्या बुधवार पेठेतल्या दुकानात ते काम माझं. एरवी मी विमानाच्या पंखांवर इस्त्रीने प्लास्टिकचा कागद चढवते.

परदेशी माल सहज मिळू लागला तेव्हा दुकानात कॉम्प्युटर रेडिओ आला. रेडिओ म्हणजे विमानाचा रिमोट. याला छोटी स्क्रीन असते आणि प्रत्येक विमानाचं सेटिंग तो वेगळं लक्षात ठेवतो. आमचे मालक, काका म्हणाले, "अहो, ही अक्षरं मुंगीएवढी. माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत. आपण शिका."

"काका, मी चौथी शिकलेय."

"रेडिओ सर्टिफिकेट बघत नाही."

शिकले. पद्धत सोपी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, रेडिओवरची दांडी म्हणजे स्टिक हलवायची आणि विमानात काय हललं ते बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गोंधळ. इंग्रजी शब्द मला रांगोळीसारखे आकाराने ओळखू येऊ लागले. रिव्हर्स हा शब्द तर सगळ्यात आधी; ते दाबलं की स्टिकचं काम उलटं होतं.

शिंदेभाऊ आमचं गिऱ्हाईक, त्यांचं बिबवेवाडीत गॅरेज आहे. त्यांचं पहिलं विमान उसात पडलं होतं. हे दुसरं, स्वतः बांधलेलं. रेडिओ मी सेट करून दिला. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, घरात सांगूनच टाकलं होतं, "हेही पडलं तर विमानाचं नाव काढायचं नाही." आणि बघायला त्या स्वतः मैदानावर आल्या होत्या.

आल्या त्या पूजेचं ताट घेऊन. विमानाचं तोंड त्यांनी आपल्याकडे फिरवून घेतलं, नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी आणि काका तेव्हा गाडीतून इंधन काढत होतो.

मग विमान फिरवून उभं केलं, इंजिन सुरू झालं. भाऊंनी सवयीने स्टिक उजवीकडे नेली. पंखाच्या मागच्या कडेला एक हलणारी पट्टी असते, तिला एलेरॉन म्हणतात. स्टिक उजवीकडे नेली की उजवी पट्टी वर जायला हवी. माझ्या डोळ्यांसमोर ती खाली गेली. असं विमान उजवीकडे वळवायला गेलं की डावीकडे कलंडतं आणि जमिनीत घुसतं.

मला चारचौघांत मोठ्याने बोलता येत नाही. त्यात इंजिनाचा आवाज. म्हणून मी फक्त धरून राहिले.

शेवटी काकांनी इंजिन बंद करायला लावलं. "काय हो, हात चिकटला का शेपटाला?"

मी म्हटलं, "भाऊ, माझ्यामागे येऊन उभे राहा. आता उजवीकडे करा."

त्यांनी केलं. पट्टी खाली गेली. "च्यायला! आत्ताच तर मी सरळ केलं."

"कुठून बघून?" काकांनी विचारलं.

"समोरून. पूजा चालली होती ना, तेव्हा उभ्या उभ्या हलवून बघितलं. उलटं दिसलं, म्हणून रिव्हर्स दाबलं."

समोरून बघितलं की विमानाचं उजवं आपल्या डावीकडे येतं. सेटिंग बरोबर होतं, ते त्यांनी उलटं केलं होतं.

"आता माझ्या पूजेवर ढकलू नका," वहिनी म्हणाल्या.

मी रिव्हर्स काढलं, मागे बसून पुन्हा तपासलं आणि मग शेपूट सोडलं. विमान उडालं. मी त्याच्याकडे कमी आणि वहिनींकडे जास्त बघत होते. पदर तोंडाला लावून त्या वर बघत होत्या. उतरताना एक चाक निघून लांब गेलं.

वहिनींनी चाक उचलून आणून भाऊंसमोर धरलं. "हे बसवता येतं ना?"

"येतं."

"मग बसवा. पुढच्या रविवारी परत येऊ."

आता मी रेडिओ देते तेव्हा गिऱ्हाइकाला आधी विमानाच्या मागे बसवते. साहेब असोत की कोणी, सगळे बसतात. रेडिओ आपण सांगू ते ऐकतो. चुकीचं सांगितलं तरी तितक्याच इमानाने ऐकतो.